फुलपाखरांची नोंदवही : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील हौशी अभ्यासकांचे कार्य

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ रहिवाशांनी केली, आणि प्राणिजीवनाविषयीच्या टिपणांची व निरीक्षणांची देवाणघेवाण करावी, लक्ष वेधून घेणारे नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच साधा हेतू त्यांनी त्या वेळी समोर ठेवला होता. पुढे सालीम अली यांच्या कार्यामुळे या संस्थेचे नाव पक्ष्यांच्या अभ्यासाशी इतके घट्ट जोडले गेले, की तिच्या इतिहासातील फुलपाखरांचा भाग सर्वसामान्य वाचकाच्या नजरेआड राहिला. वस्तुतः तो भागही संस्थेइतकाच जुना असून, त्याचे वैशिष्ट्य असे की तो जवळजवळ सर्वस्वी अन्य व्यवसायांत असलेल्या, या कामासाठी वेतन न घेणाऱ्या माणसांनी घडवला. कस्टम खात्यातील अधिकारी, जिल्ह्याचा कलेक्टर, वनाधिकारी, लष्करी अभियंता, शाळेचा मुख्याध्यापक आणि अलीकडच्या काळात महाविद्यालयीन विद्यार्थी, गृहिणी व निवृत्त कर्मचारी अशा लोकांनी आपल्या फावल्या वेळात केलेल्या नोंदींवर पश्चिम भारतातील फुलपाखरांविषयीचे आजचे ज्ञान उभे आहे.

स्थापनेची सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, झाली. आठ संस्थापकांपैकी दोघे मराठी होते. पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन राऊत, जे वैद्यक शिकवत, औषधी वनस्पतींचे जाणकार होते आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सामाजिक इतिहासालाही परिचित आहेत. सखाराम अर्जुन यांचे निधन १८८५ मध्ये, म्हणजे संस्था पुरती रुजण्याआधीच झाले. वनस्पतींची इतकी जाण असलेला संस्थापक संस्थेला दीर्घकाळ लाभता, तर कीटक आणि वनस्पती यांच्या संबंधाचा अभ्यास मराठी शिक्षित समाजात किती तरी आधी पोचला असता, असे मानण्यास जागा आहे. उरलेल्या सहा युरोपीय संस्थापकांपैकी कर्नल चार्ल्स स्विन्हो आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन या दोघांचा फुलपाखरांशी थेट संबंध होता. स्विन्हो हे लष्करी सेवेतील अधिकारी असून फुलपाखरे व पतंग यांचे मोठे संग्राहक होते, आणि मुंबई व दख्खन प्रदेशातील या कीटकांविषयीचा त्यांचा लेख लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात झाला होता. ते कस्टम व मीठ खात्यात नोकरी करत, आणि संस्थेचे पहिले मानद सचिव तेच होते.

फुलपाखराची नोंद या शब्दप्रयोगाचा शास्त्रीय अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखादे फुलपाखरू पाहिले, ते सुंदर होते, एवढ्याने नोंद होत नाही. कोणती जात, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेस आणि कोणी पाहिली, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे नोंद पूर्ण होते, आणि फुलपाखरू त्या वेळी काय करत होते, मकरंद पीत होते, ओल्या मातीतून क्षार शोषत होते की एखाद्या पानावर अंडे घालत होते, हे त्यात जोडले म्हणजे ती मौल्यवान ठरते. संग्रहालयातील पेटीत टाचणीला टोचलेल्या नमुन्याखाली जी लहानशी चिठ्ठी असते, तिच्यावर हीच माहिती लिहिलेली असते, आणि चिठ्ठी हरवलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होतो. सोसायटीने आरंभापासून दोन कामे केली : नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, आणि जानेवारी १८८६ पासून स्वतःचे नियतकालिक काढून सभासदांची निरीक्षणे छापली. या नियतकालिकामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या माणसाची वही सार्वजनिक झाली, हे सोसायटीचे मोठे योगदान होय.

नियतकालिक सुरू झाले त्याच वर्षी एटकेन यांच्यानंतर एच. एम. फिप्सन मानद सचिव झाले. फिप्सन हे मद्याचे व्यापारी होते, आणि त्यांनी फोर्ट भागातील आपल्या पेढीची जागा संस्थेला वापरू दिली. संग्रह, ग्रंथ आणि पत्रव्यवहार बराच काळ तेथेच सांभाळला गेला. मुंबईच्या फुलपाखरांची यादी एटकेन यांनी १८८७ च्या सुमारास नियतकालिकातून प्रसिद्ध केली, आणि ई. कॉम्बर यांच्यासह तयार केलेली कोकणातील फुलपाखरांची यादी १९०३ मध्ये छापून आली. मुंबई बेट, साष्टी आणि कोकणपट्टी यांतील आजच्या स्थितीची तुलना कशाशी करावी, असा प्रश्न ज्या वेळी पडतो, त्या वेळी याच याद्यांकडे वळावे लागते.

तथापि या परंपरेतील श्रेष्ठ काम मुंबईत झाले नाही, ते उत्तर कानडा जिल्ह्यातील कारवारला झाले. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. गोव्याच्या सीमेलगतचा हा प्रदेश समुद्रकिनाऱ्यापासून थेट सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला असल्याने खाडी, सखल रान, सदाहरित जंगल आणि घाटमाथा ही सगळी अधिवासरूपे तेथे थोड्या अंतरात सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एटकेन नोकरीनिमित्त तेथे होते, जेम्स डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर होते आणि टॉमस रीड डेव्हिस बेल हे वनखात्यात होते. या तिघांनी मिळून केलेले संशोधन ‘उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरे’ या शीर्षकार्थाच्या लेखमालेतून १८९६-९७ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्याआधी १८९० मध्ये डेव्हिडसन व एटकेन यांनी मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांच्या अळ्या आणि कोश यांवर स्वतंत्र लेख लिहिला होता.

त्या काळातील बहुतेक संग्राहक जाळे घेऊन उडती फुलपाखरे पकडत, आणि पंखांवरील रंग, ठिपके व शिरा यांच्या आधारे जातींची नावे ठरवत. कारवारच्या मंडळींनी मात्र अंड्यापासून सुरुवात केली. मादी कोणत्या झाडावर बसते, अंडे पानाच्या वर घालते की खाली, त्यातून निघालेली अळी कोवळी पाने खाते की जून, किती वेळा कात टाकते, कोश कोठे व कसा लटकवते, या गोष्टी त्यांनी अळ्या घरी पाळून पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. अळी ज्या वनस्पतीवर वाढते तिला खाद्यवनस्पती म्हणतात, आणि फुलपाखरांच्या बाबतीत ही निवड सहसा अतिशय काटेकोर असते, कारण अनेक जातींच्या अळ्या एखाद्याच वनस्पतीवर किंवा एकाच कुळातील मोजक्या वनस्पतींवर जगू शकतात. प्लेन टायगरची अळी रुईवर असते, कॉमन मॉर्मनची लिंबू व कढीपत्त्यावर, कॉमन जेझबेलची आंब्यासारख्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळावर, कॉमन बॅरनची खुद्द आंब्याच्या पानांवर, क्रिमझन रोझची सापसंदाच्या वेलावर. रेड पिअरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानात शिरून आतला गर खाते, आणि पानाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ सालीमध्ये सुरक्षित राहते. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांवर मकरंद पिऊ शकते, परंतु अळीला पर्याय नसतो, म्हणून एखाद्या ठिकाणी फुलपाखरू टिकेल की नाही, हे फुलांपेक्षा पानांवर अधिक अवलंबून असते.

अळी पाळून पाहण्याच्या या पद्धतीने वर्गीकरणातील काही गुंतेही सोडवले. भारतातील अनेक फुलपाखरांना दोन ऋतुरूपे असतात, म्हणजे एकाच जातीची पावसाळ्यातील आणि कोरड्या ऋतूतील पिढी दिसायला वेगवेगळी असते. संध्याकाळी उडणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पावसाळी रूपावर ठळक डोळ्यांसारखे ठिपके असतात, तर उन्हाळी रूप हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसते, आणि एके काळी ही दोन रूपे दोन स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली गेली होती. कलकत्त्यात लायोनेल द निसव्हिल यांनी १८८० च्या दशकात अशा फुलपाखरांची अंडी घेऊन पिढ्या वाढवल्या आणि दोन्ही रूपे एकाच मादीच्या संततीत येऊ शकतात हे दाखवले. कारवारचे काम याच विचारधारेतले, पण व्याप्तीने फार मोठे होते, कारण एका जिल्ह्यातील शक्य तितक्या सर्व जातींचा जीवनक्रम समजून घेण्याचा तो प्रयत्न होता.

एपफ्लाय या लहान फुलपाखराचे उदाहरण या अभ्यासातील बारकावा दाखवण्यास पुरेसे आहे. या फुलपाखराची अळी पाने न खाता झाडावरील पिठ्या ढेकणांवर जगते, आणि तिचा कोश माकडाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. एटकेन यांनी १८९४ मध्ये या अळीवर व कोशावर स्वतंत्र टिपण लिहिले. निळ्या फुलपाखरांच्या कुळातील पुष्कळ अळ्यांच्या पाठीवर गोड द्राव सोडणारी ग्रंथी असते, त्या द्रावासाठी मुंग्या अळीभोवती जमतात आणि त्यांच्या वावरामुळे अळीचे शत्रूंपासून रक्षण होते. अळी आणि मुंगी यांचे हे नातेही बेल यांच्या लेखनात तपशिलाने आले आहे. आज जीवशास्त्रात सहजीवनाचा हा विषय प्रगत समजला जातो, पण त्याची पश्चिम घाटातील पायाभूत निरीक्षणे नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माणसांनी घरातल्या खोक्यांत अळ्या वाढवून केली, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे.

एटकेन व डेव्हिडसन पुढे भारतातून परतले, आणि एटकेन १९०९ मध्ये एडिंबरा येथे निवर्तले. बेल मात्र कारवारातच राहिले. वनखात्यातून १९२० मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी घर तेथेच ठेवले. त्यांची बहीण ईव्हा यांनी त्यांना वनस्पतींच्या संग्रहात साहाय्य केले, आणि १९४८ मध्ये कारवारातच बेल यांचा मृत्यू झाला. भारताच्या सपाट प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवरील त्यांची लेखमाला १९०९ पासून १९२७ पर्यंत नियतकालिकातून चालू होती, आणि तिच्यात मुंबई इलाख्यातील थंड हवेच्या ठिकाणी आढळणाऱ्या जातींचाही समावेश होता. फुलपाखराच्या जीवनक्रमाबरोबरच त्याच्या खाद्यवनस्पतीचे, ती कोठे उगवते याचे आणि तिच्या बहराच्या काळाचे वर्णन देण्याची बेल यांची रीत होती, त्यामुळे ती लेखमाला कीटकशास्त्राइतकीच वनस्पतींच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते. या एकाच माणसाने एका ठिकाणी राहून केलेले काम सोसायटीच्या फुलपाखरांच्या संपूर्ण वारशात सर्वोच्च मानावे लागेल. मात्र त्या काळच्या नियतकालिकाची एक उणीव मोकळेपणाने सांगितली पाहिजे : जंगलाच्या वाटा दाखवणाऱ्या, झाडांची स्थानिक नावे सांगणाऱ्या आणि नमुने आणून देणाऱ्या भारतीय मदतनिसांची नावे त्यात क्वचितच छापली गेली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थेचे लक्ष ओळख पटवण्याच्या साधनांकडे वळले. ब्रिगेडियर विल्यम हॅरी एव्हान्स या लष्करी अभियंत्याने भारतीय फुलपाखरांच्या ओळखीसाठी रचलेली सूत्रे प्रथम नियतकालिकातून व नंतर १९२७ मध्ये ग्रंथरूपाने सोसायटीने प्रकाशित केली, आणि १९३२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ओळखसूत्र म्हणजे लक्षणांच्या जोड्यांची मालिका, जीत प्रत्येक टप्प्यावर दोन पर्यायांपैकी एक निवडत अभ्यासक जातीच्या नावापर्यंत पोचतो. एव्हान्स यांचा ग्रंथ अचूक पण रुक्ष होता, नवख्या माणसाला तो पेलणे कठीण होते. ही अडचण एम. ए. विंटर-ब्लाइथ यांनी दूर केली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य असलेल्या या शिक्षकाचा ‘बटरफ्लाइज ऑफ द इंडियन रीजन’ हा ग्रंथ सोसायटीने १९५७ मध्ये काढला, आणि पुढील चार-पाच दशके भारतातील प्रत्येक हौशी अभ्यासकाच्या हाती तोच राहिला. याच काळात ए. ई. जी. बेस्ट यांनी १९५१ मध्ये मुंबई व साष्टीच्या फुलपाखरांची यादी नियतकालिकात दिली. विदर्भाकडे पाहता, जे. ए. बेथम यांनी १८९० च्या सुमारास मध्य प्रांतातील फुलपाखरांवर नियतकालिकात लिहिले होते, आणि १९३१ मध्ये ई. ए. डी’अब्रू यांनी केलेली मध्य प्रांताची यादी नागपूरच्या संग्रहालयाने प्रसिद्ध केली. मराठवाडा आणि खानदेश यांना मात्र या जुन्या नोंदींत तुलनेने फार थोडी जागा मिळाली आहे.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय सभासद परत गेले, सोसायटीची धुरा सालीम अली, हुमायून अब्दुलअली प्रभृती भारतीय सभासदांनी उचलली आणि १९६५ मध्ये शहीद भगतसिंग मार्गावरील हॉर्नबिल हाउस या स्वतःच्या वास्तूत संस्था स्थिरावली. या काळात संशोधनाचे बळ पक्ष्यांकडे आणि नंतर मोठ्या सस्तन प्राण्यांकडे गेले, त्यामुळे फुलपाखरांच्या नोंदींचा ओघ मंदावला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्याच्या परिशिष्टांनी परिस्थितीत आणखी एक बदल घडवला. परिशिष्ट म्हणजे कायद्याला जोडलेली संरक्षित जातींची सूची. तिच्यात पुष्कळ फुलपाखरांचा समावेश झाल्याने त्यांना पकडणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा ठरले. त्यामुळे व्यापारी संग्राहकांना आळा बसला, हे निःसंशय चांगले झाले. परंतु ही सूची प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे काळजीपूर्वक बनवली गेली नव्हती. कोकणात व मुंबईतही दिसणारे क्रिमझन रोझ आणि देशभर आढळणारे डॅनेड एगफ्लाय ही दोन्ही फुलपाखरे २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत होती. डॅनेड एगफ्लायची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. घोळ शेताच्या बांधावरून किंवा पडीक जागेवरून नाहीशी झाली तर त्या फुलपाखराला कायदा वाचवू शकत नाही, आणि हे सांगणारी माहिती शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणांतून उपलब्ध होती, पण सूची करणाऱ्यांनी तिचा उपयोग केला नाही.

हौशी अभ्यासकांची नवी पिढी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आली. पुण्यात स्थायिक झालेले टॉमस गे, सोसायटीतील आयझॅक किहिमकर आणि जे. सी. पुनेठा यांचे भारतातील सामान्य फुलपाखरांवरील सचित्र पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पकडल्याशिवायही फुलपाखरू ओळखता येते हा विश्वास त्यातून रुजला. जाळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. किहिमकर यांनी सोसायटीत अनेक वर्षे काम करताना शिबिरे, निसर्गफेऱ्या आणि व्याख्याने यांतून मुंबई, ठाणे, पुणे व कोकणातील असंख्य लोकांना या छंदाकडे वळवले. त्यांचा ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ हा ग्रंथ सोसायटीने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेससह २००८ मध्ये काढला, आणि २०१६ मध्ये त्याहून विस्तृत ग्रंथ आला. दरम्यान कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले होते. कुंटे यांनी तरुण वयात पुणे परिसरातील वेगवेगळ्या अधिवासांत ऋतूंनुसार फुलपाखरांची संख्या कशी बदलते याचा अभ्यास केला, आणि पावसाळ्याचा उत्तरार्ध व हिवाळ्याचा प्रारंभ हा काळ सर्वांत समृद्ध असतो हे मोजणीने दाखवले. दक्षिण भारतातील टायगर व क्रो या गटांच्या स्थलांतरावरील त्यांचा लेख २००५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकातच आला.

मोजणीचा हा मुद्दा पूर्वीच्या कामापेक्षा वेगळा आहे. एटकेन किंवा बेस्ट यांच्या याद्या कोणत्या जाती आढळतात हे सांगतात, किती आढळतात हे सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात अशी पद्धत विकसित केली, की स्वयंसेवकाने ठरलेल्या एकाच वाटेवरून दर आठवड्याला, ठरावीक हवामानात आणि सारख्या गतीने चालावे, दोन्ही बाजूंस अडीच-अडीच मीटर व समोर पाच मीटर एवढ्या कक्षेतील फुलपाखरे जातवार मोजावीत, आणि हे वर्षानुवर्षे करत राहावे. तेथे १९७६ पासून ही मोजणी राष्ट्रीय पातळीवर अखंड चालू आहे. भारतातील अनेक संशोधक विद्यार्थी हीच पद्धत आपल्या ऋतुमानानुसार फेरफार करून वापरतात, परंतु त्यांचा अभ्यास सहसा एक-दोन वर्षांनी, पदवी मिळताच थांबतो. एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर फुलपाखरे कमी दिसणे स्वाभाविक असते. ती खरोखर घटत आहेत का, हे ठरवण्यासाठी एकाच वाटेवरील दहा-वीस वर्षांचे आकडे हवेत, आणि ते देण्याचे सामर्थ्य ठिकाण न बदलणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकातच असते.

गोरेगाव येथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले सोसायटीचे ३३ एकरांचे संवर्धन शिक्षण केंद्र या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. तेथील जंगलात व फुलपाखरांसाठी राखलेल्या बागेत शाळांची मुले आणि सामान्य नागरिक येतात, आणि पावसाळ्यानंतर सकाळच्या न्याहारीसह फुलपाखरे पाहण्याचे कार्यक्रम तेथे होत आले आहेत. बागेसंबंधीची सोसायटीची शिकवण कारवारच्या परंपरेला धरून आहे : मकरंदाच्या फुलांसोबत खाद्यवनस्पती लावाव्यात, अळ्यांनी पाने कुरतडली तर औषध फवारू नये, आणि कोपऱ्यातील तण उपटण्याआधी त्यावर कोण जगते आहे ते पाहावे. या शिकवणीला अनुसरून ठाण्याजवळच्या ओवळा गावी ओवळेकर कुटुंबाने आपल्या जमिनीवर उभारलेली फुलपाखरांची बाग हे खासगी प्रयत्नाचे उत्तम उदाहरण आहे. सावंतवाडी तालुक्यातील पारपोली हे गावही फुलपाखरांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन या जातीला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, आणि असा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे असलेले हे मोठे फुलपाखरू सह्याद्रीत व कोकणात आढळते, मुंबईच्या बागांतूनही ते दिसते, आणि त्याची अळी माकडलिंबू व लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. या मानामुळे फुलपाखरे हा विषय वर्तमानपत्रांत व शाळांत पोचला, हा मोठा लाभ झाला. राज्य फुलपाखराची चित्रे सर्वत्र लागली, त्या प्रमाणात माकडलिंबूची रोपे मात्र लागली नाहीत, याची खंत वाटते. रोपवाटिकांमध्ये शोभेची विदेशी झाडे सहज मिळतात, सापसंद, वाघाटी, माकडलिंबू यांची रोपे मुद्दाम शोधावी लागतात. सप्टेंबर २०२० मध्ये देशभरातील अनेक गटांनी एकत्र येऊन फुलपाखरू महिना साजरा केला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या निमित्ताने महाराष्ट्रातील गावोगावचे लोक छायाचित्रांसह नोंदी पाठवू लागले.

छायाचित्रामुळे नोंदींची संख्या पूर्वी कल्पनाही करता आली नसती इतकी वाढली, आणि प्रत्येक नोंद पुन्हा तपासून पाहता येऊ लागली. पण या नोंदींमध्ये दोन उणिवा स्पष्ट दिसतात. पहिली अशी, की मोठी, रंगीत आणि पंख उघडून बसणारी फुलपाखरे वारंवार टिपली जातात, आणि गवतात वावरणाऱ्या लहान तपकिरी स्किपर किंवा करड्या निळ्या जाती मागे पडतात, ज्यांची ओळख पटवणे कठीण असते. दुसरी अशी, की नोंदी मुंबई-पुणे व पर्यटकांच्या घाटवाटांभोवती दाटतात, आणि माळराने, कोकणातील सडे, मराठवाड्यातील कोरडी रानेवने रिकामी राहतात. माळाला पडीक समजून त्यावर वृक्षारोपण केले जाते, सड्यावर खाणी व इमारती येतात, रस्त्याकडेची रुई आणि टाकळा दर पावसाळ्याअखेर सरसकट कापला जातो, आणि तेथील फुलपाखरे कोणी मोजलेलीच नसल्याने त्यांच्या जाण्याची दखलही घेतली जात नाही. पश्चिम घाटातील सुमारे ३३० जातींपैकी सदाहरित जंगलातील दुर्मीळ जातींकडे अभ्यासकांचे लक्ष आहे, परंतु गावाशेजारच्या सामान्य जातींच्या घटीकडे तितकेच लक्ष देणे हे पुढील काळातील संस्थेचे अधिक निकडीचे काम ठरावे.

दुसरे निकडीचे काम जुन्या नोंदींशी नव्या नोंदी जोडण्याचे आहे. बेल यांनी ज्या वनस्पती लिहून ठेवल्या, त्यांपैकी अनेकांची शास्त्रीय नावे आज बदलली आहेत, काही ठिकाणांची नावे व जिल्हेही बदलले, आणि उत्तर कानडा १९५६ मध्ये तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्याचा भाग झाला. सोसायटीच्या संग्रहातील नमुन्यांच्या चिठ्ठ्या, नियतकालिकातील लेखमाला आणि आजची छायाचित्रे ही सर्व साधने एकत्र वाचली गेली, तरच कोकण आणि सह्याद्रीतील फुलपाखरांचे शतकभरातील चित्र पूर्ण होईल. ज्या अळ्यांची खाद्यवनस्पती महाराष्ट्रात कोणी पाहिलेली नाही, त्यांचा शोध घेण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. काचेची बरणी, ताजी पाने, वही आणि रोज तासभर बसण्याची चिकाटी एवढ्यावर हे काम होते, हे कारवारच्या तिघांनी दाखवून दिले आहे. मात्र परिशिष्टात समाविष्ट असलेल्या जातींच्या बाबतीत वनखात्याची परवानगी घेणे आवश्यक असते, आणि तशा जातींची अळी आहे त्याच झाडावर ठेवून निरीक्षण करावे.

सोसायटीच्या नियतकालिकात संकीर्ण टिपणांसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यात लेखकाची पदवी पाहिली जात नाही, निरीक्षण पाहिले जाते. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात, शेतात किंवा गॅलरीतील कुंडीत एखादी अळी पान खाताना आढळेल, त्यांनी ती झटकून टाकण्यापूर्वी वनस्पतीचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी, कोशातून फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवावे आणि ती नोंद संस्थेकडे पाठवावी, अशी विनंती आहे.